हिरव्या यादीतली मुलगी

कापडखेडच्या नगरपालिका शाळा क्रमांक चारमध्ये गेल्या चौदा महिन्यांत एकही मूल दुःखी झालं नव्हतं. तशी नोंद खात्याच्या संकेतस्थळावर होती आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर तसा पितळी फलकही होता. गावातले निम्मे यंत्रमाग बंद, नळाला पाणी चार दिवसांआड, दवाखान्यात डॉक्टर बुधवारी. मुलं मात्र प्रसन्न. फलकाचं अनावरण करायला आलेल्या साहेबांना याचं नवल वाटलं नाही. नवल वाटण्याच्या हुद्द्यावरून ते केव्हाच बढती घेऊन पुढे गेले होते. "हे कसं साधलंत?" त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. "सांघिक प्रयत्न," मुख्याध्यापक चिंचोलीकर सर म्हणाले. शाळेच्या समाजकार्यकर्त्या कुंदा ढेंबरे शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फलकावरचा हार वाकडा झालाय का, हे फार बारकाईनं तपासलं.

शाळेला समाजकार्यकर्ती कशाला लागते, हे गावाला कळायला दोन वर्षं गेली होती. कळल्यावर गावानं त्यांना 'मनाच्या बाई' असं नाव दिलं. कुणाचा बाप पिऊन दप्तर विकायला निघाला, मनाच्या बाईंना बोलवा. कुणाची आजी म्हणते पोरीला शाळा पुरे, मनाच्या बाईंना बोलवा. बाई स्कूटरवरून यायच्या, ओट्यावर बसायच्या, पहिला अर्धा तास कामाचं काहीच बोलायच्या नाहीत. त्या अर्ध्या तासात घर कळायचं. बावीस वर्षांत त्यांनी तीन स्कूटरी झिजवल्या.

चार वर्षांपूर्वी 'प्रसन्न' आला आणि चौथी स्कूटर नवीच राहिली.

प्रसन्न म्हणजे मैदानाच्या कडेला उभा असलेला एक करडा खांब. त्याच्या डोक्यावर आठ मायक्रोफोन. त्यामागचं विज्ञान असं. माणूस काळजीत असला की त्याच्या कंठातले स्नायू किंचित आवळतात. स्वरतंतूंच्या कंपनाला बारीकसा अडखळा बसतो. श्वास पोटातून न येता छातीच्या वरच्या टोकाकडून येतो, त्यामुळे दोन शब्दांमधली फट सेकंदाच्या काही हजाराव्या भागांनी बदलते. कानाला हे ऐकू येत नाही. आईच्या कानाला येतं असं म्हणतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. यंत्राला येतं, आणि ते सिद्ध झालेलं आहे. अडचण एवढीच होती, की माणसं रोज वेगळं बोलतात. मग तुलना कशाची कशाशी करायची? तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आली शाळेच्या परिपाठातली प्रतिज्ञा. रोज, ठरल्या वेळी, उजवा हात पुढे करून, तेच शब्द त्याच चालीवर म्हणणारी लाखो मुलं! अशी सोय कुठल्या प्रयोगशाळेला मिळणार? पहिल्या महिन्यात प्रसन्न प्रत्येक मुलाचा नेहमीचा आवाज ओळखून ठेवायचा. पुढे रोज चारशे आवाज एकमेकांपासून सोडवायचे आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आवाजाशी करायची. मूल ठीक असेल तर हिरवं, बिनसलं असेल तर पिवळं, फार बिनसलं असेल तर तांबडं; खात्याच्या हिशेबी 'दुःखी' ते एवढंच. कापडखेडात तेवढं मागांची खटखट वजा करायला इंजिनिअरला तीन आठवडे जास्त लागले.

यात वाईट काहीच नव्हतं. रंग दाखवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं सहावीतल्या एका मुलीला तांबडं दाखवलं आणि तिच्या घरातल्या काकाचा दोन वर्षांचा त्रास उघडा पडला. कुंदाबाई ती मुलगी रोज बघत होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी प्रसन्नच्या खांबाला मनातल्या मनात हात जोडले.

वाईट पुढे झालं आणि ते कायद्यानं झालं. मूल सलग एकवीस दिवस तांबडं राहिलं, तर 'घर बालकाच्या स्वास्थ्यास अपुरे' असं मानायचं आणि मुलाला जिल्ह्याच्या संगोपन केंद्रात हलवायचं, असा नियम निघाला. केंद्र ऐंशी किलोमीटरवर. तिथं दूध, फळं, गाद्या, चित्रकला, सगळं होतं. पाचवीतल्या सार्थकचे आजोबा वारले, आणि आजोबांचा लाडका असल्यामुळे तो एकवीस दिवस रडला. बाविसाव्या दिवशी गाडी आली. सात महिन्यांनी सार्थक परत आला तेव्हा ठणठणीत हिरवा होता. दारात उभ्या असलेल्या आईला तो म्हणाला, "नमस्कार मॅडम."

त्यानंतर कुंदाबाईंनी खोखोचा सराव सुरू केला.

सराव परिपाठाआधी दहा मिनिटं, पाण्याच्या टाकीमागे चालायचा. शाळेला खोखोचं मैदान नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. ज्या घरांत मुलाला दुःख होतं पण माया शाबूत होती, अशी मुलं त्या निवडायच्या. खांदे सैल. जीभ खाली. चार अंक मोजत पोटात श्वास, आठ अंक मोजत बाहेर. सहा वेळा. लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके मंदावतात, कंठ सैल पडतो, आवाज सपाट होतो. परीक्षेची भीती घालवायला त्या हेच शिकवायच्या. नवीन काहीच नव्हतं. दुःख तिथंच राहायचं, फक्त गळ्यात यायचं नाही. अशी सदतीस मुलं होती. त्यांची यादी कुठंही लिहिलेली नव्हती.

त्या सदतिसांतली सगळ्यात हुशार होती आठवीतली प्रांजल वाघचौरे. बाकीच्यांना सहा श्वास लागायचे, तिला दोन.

*

मंगळवारी परिपाठ संपला आणि कुंदाबाई पडद्यासमोर बसल्या. चारशे अकरा हिरवे, सहा पिवळे, नऊ गैरहजर. गैरहजरांत प्रांजलचं नाव होतं. नावापुढे शेवटचा रंग: हिरवा. सलग दोनशे चाळीस दिवस.

ही मुलगी तापातसुद्धा शाळा बुडवायची नाही. तिची धाकटी बहीण पिहू पहिलीत होती. कुंदाबाई पहिलीच्या वर्गाच्या दारात गेल्या आणि तिला बाहेर बोलावलं.

"ताई कुठंय गं तुझी?"

"मला फाटकाशी सोडलं आन् गेली."

"कुठं?"

"सांगितलं नाई." पिहूनं मान फिरवली. "बाई, माझ्या वेण्या बघा. मीच घातल्यात. ताईनं काल शिकवल्या. आरशात न बघता!"

एक वेणी कानाच्या वर होती आणि दुसरी मानेवर. "छान झाल्यात," बाई म्हणाल्या. "आणखी काय शिकवलं ताईनं?"

"आईच्या गोळ्या. पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची, पिवळी डोकं धरून बसली तरच. चुकले की परत म्हणायला लावलं." पिहू अभिमानानं म्हणाली, "मला आता सगळं येतंय."

कुंदाबाईंनी तिला वर्गात पाठवलं. जाताना मागचं सगळं नीट लावून जाणारं मूल कुठं जातं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं आणि बावीस वर्षांत दोनदा पुस्तकाबाहेरूनही.

चिंचोलीकर सरांनी पडदा बघितला आणि चष्मा काढला. "अहो मॅडम, हिरवी आहे की मुलगी."

"सर, ती हिरवी नाही."

"इथं तर…"

"इथं आहे. ती नाही. सर, मीच तिला…"

"थांबा." सरांनी उठून दार लावलं. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. "चौदा महिने मी तुम्हाला एक प्रश्न विचारलेला नाही. का नाही विचारला? तुम्ही खरं उत्तर दिलं असतं म्हणून. आता शुक्रवारी जिल्ह्याला तुमचा सत्कार आहे. शाल आली आहे. ती काल मी अंगावर घेऊनही बघितली."

"सर, ती बहिणीला वेण्या घालायला शिकवून गेलीय."

सरांना तीन मुली होत्या. त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं. "मी स्टँडवर बघतो. शिपायाला स्टेशनवर धाडतो. तुम्ही तिच्या घरी जा." दारात थांबून ते म्हणाले, "आणि मघाशी तुम्ही जे बोलणार होतात, ते अजून कुणालाही बोलू नका."

*

वाघचौऱ्यांची खोली माग गल्लीच्या टोकाला होती. बाप तीन वर्षांपूर्वी कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच रुळला. तिकडे त्याला दुसरं घर असल्याचं गल्लीला ठाऊक होतं आणि मंगलला नाही, असं गल्लीला वाटायचं. मंगल मागांसाठी सुताच्या कांड्या भरायला जायची. महिन्यातले वीस दिवस जायची. उरलेले दहा दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि तेव्हा प्रांजल आई व्हायची. दीड वर्षापूर्वी कुंदाबाई याच खोलीत बसल्या होत्या आणि त्यांनी ठरवलं होतं, की ही पोरं इथून नेली तर तिघंही संपतील. चूक नव्हतं ते. आजही त्यांना ते चूक वाटत नव्हतं.

"या की बाई," मंगल उठून बसली. केस विंचरलेले नव्हते. "शाळा न्हाई आज?"

"प्रांजल कुठं गेलीय, मंगल?"

"शाळेत." मग बाईंचा चेहरा बघून, "शाळेत न्हाई?"

बाईंनी मान हलवली. मंगलनं पदर तोंडाशी धरला, पण ती रडली नाही. गोळ्यांनी रडू येत नाही, ते आत कुठंतरी अडकून राहतं.

"ह्या बारीला मी लई दिस पडून हाय," ती म्हणाली. "पाच आठवडं झालं. कामावरनं काढलं. ती कुणाला बोलली न्हाई. भाकरी करून, पिहूचं करून शाळेला. मी हुंदका दिला की ती तुमचा तो श्वास घ्यायची. खांदं सोडून. आन् मला म्हणायची, आई, काय झालं न्हाई. मला बी शिकवायला बघितलं. मला जमंना."

"मला का नाही बोलली?"

मंगलनं बाईंकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आलती की तुमच्याकडं. गेल्या गुरवारी. घरी येऊन मला म्हणाली, बाईंनी सांगितलं, मी हिरवी हाय. आन् मग म्हणाली, आई, मी हिरवी हाय तर मलाच कसं कळंना?"

कुंदाबाईंना तो गुरुवार आठवला. प्रसन्न आल्यापासून त्यांच्या भेटी प्रसन्नच ठरवत असे: पिवळ्याला दहा मिनिटं, तांबड्याला वीस. हिरव्याला काही नाही. हिरव्याला भेटायचं कशाला? जिल्ह्याला सत्कारासाठी पाठवायचा अहवाल त्या भरत होत्या. दारात प्रांजल उभी राहिली. "बाई, जरा बोलायचं होतं." आणि बाईंनी पडद्यावर तिचं नाव टिचकीनं उघडलं, सलग हिरवी पट्टी बघितली, आणि त्यांना बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. "अगं, तुझं तर झकास चाललंय," त्या म्हणाल्या होत्या. "हिरवीगार आहेस. पुढच्या आठवड्यात ये हं, बाळा."

तो हिरवा रंग त्यांनी स्वतः त्या मुलीच्या गळ्यात भरला होता, टाकीमागे उभं राहून, अंक मोजत. आणि त्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस त्याच निघाल्या.

"मंगल, ती आली तर तिला सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि शेजारणीला बसवून घे जवळ."

"बाई," मंगल मागून म्हणाली, "तुमचं ते मशीन शोधंल ना तिला?"

*

पोलीस ठाण्यातले उपनिरीक्षक नाईकवाडे तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांनी कुंदाबाईंना खुर्चीही दिली. मग त्यांनी प्रांजलचं नाव टाकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला.

"मॅडम, हिरवी आहे."

"मला माहीत आहे."

"हिरवं मूल गैरहजर असलं तर अठ्ठेचाळीस तास 'स्वेच्छेने अनुपस्थित'. मैत्रिणीकडे असेल, सिनेमाला असेल. तांबडं असतं तर मी आत्ता गावातले सगळे कॅमेरे उघडले असते. चालीवरून ओळखतात ते. दहा-पंधरा मिनिटांत सापडतात मुलं. पण ते कॅमेरे मी नाही उघडत, रंग उघडतो."

"मी सांगते आहे ना. बावीस वर्षं काम करते मी. ती जिवाचं काहीतरी करून घेईल."

"हे तुमचं मत झालं." नाईकवाड्यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला, अगदी अजिजीनं. "गेल्या वर्षापर्यंत इथं 'समाजकार्यकर्त्याचे मत' असा रकाना होता. तो काढला. मतांमुळे आकडे बिघडतात म्हणाले."

"मग माणसं पाठवा."

"दोन आहेत. एक मंत्र्यांच्या बंदोबस्ताला, एक जेवायला. तो आला की कालव्याच्या कडेनं सायकलवर धाडतो." कालवा गावाच्या हद्दीत नऊ किलोमीटर होता. "नाहीतर एक करा. विसंगतीचा अर्ज. रंग चुकला आहे असं तुम्ही लिहून दिलं, तर तो लगेच बदलतो."

अर्जात एकच प्रश्न होता: विसंगतीचे कारण. खाली तीन पर्याय.

पहिला: यंत्रातील बिघाड. कुंदाबाईंनी त्यावर बोट ठेवलं. 'कंपनीचे अभियंता सात कामकाजी दिवसांत भेट देतील.'

दुसरा: विद्यार्थ्याने केलेली दिशाभूल. 'खात्रीसाठी विद्यार्थ्याचा अंगठा येथे लावावा.'

"अंगठा लावायला ती असती तर मी इथं कशाला आले असते?"

"बरोबर आहे," नाईकवाडे म्हणाले. "हे मीही वर कळवलं होतं."

तिसरा: समाजकार्यकर्त्याने केलेली दिशाभूल. त्यावर बोट ठेवताच खाली बारीक अक्षरांत मजकूर उघडला. संबंधित विद्यार्थ्याचा रंग तत्काळ तांबडा होईल. तसेच शाळेतील सर्व विद्यार्थ्यांचे जुने आवाज शिकवलेला श्वास वगळून नव्याने तपासले जातील. ज्यांचे एकवीस दिवस पूर्वीच भरले असतील, त्यांचे संगोपन त्याच दिवशी सुरू होईल.

कुंदाबाईंच्या डोळ्यांपुढून मुलं जायला लागली. रझिया, जिची अम्मी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात होती आणि जिला रात्री अम्मीचे पाय चेपायला मिळत होते तेवढंच मिळत होतं. वरद, ज्याच्या बापानं दारू सोडून चार महिने झाले होते आणि जो रोज सकाळी बापाचा श्वास हुंगून मग शाळेला यायचा. जुळ्या भावांची ती जोडी. सदतीस मुलं. त्यातल्या एकेकाच्या घरासाठी त्या दीड वर्ष खोटं बोलल्या होत्या, आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं काम होतं.

फोन वाजला. चिंचोलीकर सर. "स्टँडवर नाही. स्टेशनवर नाही. तुम्ही ठाण्यात आहात का?"

"हो. सर, तिसरा पर्याय भरावा लागेल."

सरांना तो अर्ज पाठ होता. "मॅडम, सदतीस मुलं आहेत."

त्यांनी आकडा बरोबर सांगितला, हे कुंदाबाईंच्या लक्षात आलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"टाकीमागची खिडकी माझ्या खोलीची आहे. मीही घ्यायचो तो श्वास, तुमच्या अंकांवर. रक्तदाब कमी झाला माझा." मग ते म्हणाले, "समजा, ती मैत्रिणीकडे निघाली तर? संध्याकाळी हसत आली तर? सदतीस मुलं फुकट जातील."

"आणि नाही आली तर?"

"मला विचारू नका हो," सर म्हणाले. "मी नुसता मुख्याध्यापक आहे."

नाईकवाड्यांनी उगाच एक फाइल उघडली आणि तिच्यात तोंड घातलं. भिंतीवरचं घड्याळ एक वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. कुंदाबाईंनी दुसरा मार्ग शोधला, सगळीकडे शोधला. स्वतः स्कूटरवर नऊ किलोमीटर? पण कालवाच कशावरून? विहिरी होत्या, बंद मागांची रिकामी गोदामं होती, रूळ होते. दोन लाख वस्तीचं गाव. त्यांनी नेहमीचा तो श्वास घ्यायला बघितला, चार अंक आत, आठ बाहेर. जमला नाही.

त्यांनी तिसऱ्या पर्यायावर अंगठा लावला.

प्रांजल वाघचौरे तांबडी झाली. पडद्यावर गावातले कॅमेरे एकेक करून उघडायला लागले: बाजार, चौक, दर्गा, पंपघर. अकराव्या मिनिटाला टिंग असा छोटासा, प्रसन्न आवाज आला.

कालव्याच्या जुन्या पंपघराजवळ, कठड्याच्या पलीकडच्या अंगाला ती बसली होती. अलीकडे दप्तर उभं ठेवलेलं, त्याच्याशेजारी चपला जोडीनं काढलेल्या. पोलिसांचा ड्रोन सगळ्यांच्या आधी पोचला आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालत 'आपण सुरक्षित आहात' असं बाईच्या गोड आवाजात सांगत राहिला. पण तिला अलीकडे आणलं ते पंपघरासमोरून बंदोबस्ताला जाणाऱ्या होमगार्ड सुशीला कांबळेनं. ती नाईकवाड्यांचा निरोप मिळताच पळत गेली, काही न बोलता कठड्याला टेकून बसली, आणि मागून मुलीचा दंड घट्ट धरला. कुंदाबाई पोचल्या तेव्हाही तिनं तो सोडला नव्हता. बोटांचे वळ उठले होते.

*

यंत्र चालतं तेव्हा झकास चालतं. अडीच वाजेपर्यंत जुन्या आवाजांची तपासणी झाली, तीनला आदेश आले, साडेतीनला दोन गाड्या शाळेच्या फाटकाशी लागल्या. आदेशांसोबत कुंदा ढेंबरे यांच्या निलंबनाचंही पत्र होतं. ते उद्यापासून लागू होतं. नियमानुसार मुलांसोबत एक पात्र समाजकार्यकर्ता गाडीत असावा लागतो, आणि तालुक्यात दुसरा नव्हता.

आईबाप जमले होते. ओरडत कुणी नव्हतं. त्यांना ओरडण्याचंही भान राहिलं नव्हतं. वरदचा बाप गाडीच्या चाकाला धरून उकिडवा बसला होता. त्याला दोघांनी उठवलं तेव्हा तो कुंदाबाईंना म्हणाला, "बाई, तुमी एक पोर वाचवलं. चांगलं केलं. माझ्या पोरानं काय केलंतं?" बाईंनी वरदचं दप्तर गाडीत चढवलं.

रझियाच्या अम्मीला आणता आलं नव्हतं. तिच्या मामूनं खिडकीतून एक पिशवी आत सरकवली आणि विचारलं, "वहाँ की बाई कैसी है?"

"ओळख नाही माझी," कुंदाबाई म्हणाल्या.

मंगल शेजारणीचा हात धरून आली होती. प्रांजल आईकडे बघत नव्हती. घर अपुरं ठरलं की भावंडंही न्यायची, म्हणून पिहूही गाडीत होती. ती मात्र खिडकीतून निम्मी बाहेर लोंबकळत होती आणि गाडी सुरू झाली तशी ती जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली, "पांढरी सकाळची! आई, पांढरी सकाळची! गुलाबी रात्रीची!" गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मंगल मान हलवत राहिली, पाठ करणाऱ्या मुलीसारखी.

चिंचोलीकर सर फाटकाशी उभे होते. त्यांनी हात हलवला नाही. खिशात घातला, काढला, पुन्हा घातला.

गाव मागे पडलं. मागांची खटखट थांबली तसा गाडीत मुलांचा मुसमुसण्याचा आवाज स्पष्ट झाला. पिहू कुंदाबाईंच्या मांडीवर झोपली. प्रांजल शेजारच्या आसनावर, कपाळ काचेला लावून.

पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर ती म्हणाली, "मला सापडायचं नव्हतं."

"हो."

"माझ्यामुळं हे सगळे चाललेत."

"तुझ्यामुळं नाही. माझ्यामुळं."

"तुम्ही मला हिरवी म्हणालात." तिनं अजून तोंड वळवलं नव्हतं. "मी कशी हिरवी होते, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक होतं."

"मग?"

कुंदाबाईंनी बावीस वर्षांत दुसऱ्यांना समजावायची खूप वाक्यं जमवली होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. "हिरवं दिसलं की बरं वाटतं, बाळा," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटायला हवं होतं. तू दारात उभी होतीस, आणि मी स्वतःला बरं वाटून घेतलं."

प्रांजलनं पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"त्या दिवशी काय सांगायला आली होतीस?"

"आता काय उपयोग?"

"काही नाही. तरी सांग."

तिचे खांदे सैल पडले, जीभ खाली गेली, पोट हळूच फुगलं. सवयीनं. कुंदाबाईंनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला. "तो श्वास नको," त्या म्हणाल्या. "कसाही घे. तो नको."

श्वास मध्येच तुटला. पोरीच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज आला, ओलं फडकं फाटावं तसा, आणि पुढच्या आसनावरची मुलं मुसमुसायची थांबून मागे वळून बघायला लागली. ड्रायव्हरनं आरसा वळवून बघितलं आणि पुन्हा सरळ केला. प्रांजल सांगायला लागली. सलग नाही, मागचं-पुढचं, कुठूनही. बाप सुरतेला गेला त्या सकाळचं. तो जाताना पिहूचं नाक पुसत काय म्हणाला ते. आई पहिल्यांदा भिंतीकडे वळली तो दिवस. दुकानदार उधार देताना कसा हात धरायचा ते. कुंदाबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही, मान हलवली नाही, घड्याळ बघितलं नाही. नुसता तळवा तिच्या पाठीवर ठेवून ऐकत राहिल्या. शेतं गेली, दोन टोलनाके गेले, ऊन तिरपं झालं, एकेक करून बाकीची मुलं झोपली.

ऐंशी किलोमीटरला दोन तास लागले. केंद्राचं फाटक दिसलं तेव्हा प्रांजल जेमतेम गेल्या दिवाळीपर्यंत आली होती.